सम तारखांचा चालक

लिफ्टच्या कंपनीत सव्वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला स्वतःचं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. बाकी सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. कारण त्यांची तपासायची तऱ्हाच तशी होती. एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या कोंदट खोलीत शिरले की आधी सगळ्यांना गप्प करत. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. लिफ्ट दोन मजले वर जाई, दोन मजले खाली येई. "बेअरिंगला खोकला झालाय," म्हणत. नाहीतर, "ब्रेक आळशी झालाय, उशिरा सुटतोय." उघडून पाहावं तर अगदी तसंच.

त्यांचा जोडीदार म्हणजे सारथी. हा नावाप्रमाणे गाडी हाकणारा, पोट सुटलेला, तोंडाला विश्रांती नसलेला. कंपनीत कामं जोडीनं चालत. एका छोट्या व्हॅनमध्ये दोघं, मागे अवजारांच्या पेट्या, तेलाचे डबे, तारेच्या दोराचं वेटोळं. दिवसाला सात-आठ इमारती.

आणि कंपनीचा एक जुना नियम होता. जोडीतल्या दोघांनीही गाडी चालवायची, एक दिवस एकानं, एक दिवस दुसऱ्यानं. एकटाच रोज चालवत राहिला तर थकतो, थकला की ठोकतो, असा त्यामागचा हिशोब. म्हणून गाडीत एक रजिस्टर असे. तारीख, कुठून कुठे, चालक कोण, सही. विषम तारखा सारथ्याच्या, सम तारखा वैद्यबुवांच्या.

"महिना एकतीसचा आला की मला लागोपाठ दोन दिवस," सारथी कुरकुरत असे. "हा सरळसरळ अन्याय आहे."

ही थट्टा होती. कारण गेली सात वर्षं सम काय नि विषम काय, गाडी सारथीच चालवत होता.

सात वर्षांपूर्वी वैद्यबुवांच्या डाव्या डोळ्यात धुकं उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय, गेलेली नजर काही परत येणार नाही, आहे ती सांभाळा. उजवा डोळा थेंब घालून धरून ठेवला, डावा मात्र हळूहळू विझत गेला. घरी त्यांनी सांगितलं की डोळे कोरडे पडतात, म्हणून थेंब. बायकोनं विश्वास ठेवला. ती देवभोळी बाई. नवऱ्याच्या बोलण्यावर आणि देवाच्या करणीवर शंका घ्यायची नाही, एवढं तिनं आयुष्यभर पाळलेलं.

सारथ्यापासून मात्र लपलं नाही. एकदा वळणावर वैद्यबुवांनी गाडी डाव्या बाजूच्या खांबाला इतकी चिकटवून नेली की आरसाच मोडला. सारथ्यानं गाडी थांबवायला लावली, उतरला, आणि चालकाच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

"सरक तिकडे."

"अरे, एकदा झालं म्हणून..."

"सरक म्हणतो ना. मला माझी पोरं मोठी झालेली बघायचीत. तू लिफ्टचं ऐक, मी रस्त्याचं बघतो."

त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. दर सोमवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, सारथी आपल्या सुबक अक्षरात आठवडाभराचं रजिस्टर एकदमच लिहून टाकी. एक दिवस त्याचं नाव, एक दिवस यांचं. दोघं तिथल्या तिथे सगळ्या सह्या करून मोकळे होत. एकानं दुसऱ्याचं ओझं उचललं होतं, एवढंच त्यात होतं. यात पाप आहे असं दोघांच्याही मनाला कधी शिवलं नाही.

एक गोष्ट मात्र वैद्यबुवांनी सारथ्यालाही सांगितली नव्हती. त्यांच्या गाडी चालवण्याच्या परवान्याची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती. नवा करून घ्यायचा तर डोळे तपासून घ्यावे लागणार. त्या कचेरीच्या पायरीपर्यंत ते एकदा जाऊनही आले होते. आतून अक्षरं वाचणाऱ्या लोकांचे आवाज ऐकले आणि मागे फिरले. कंपनीच्या फायलीत भरतीच्या वेळची झेरॉक्स होती. कुणी विचारत नव्हतं. जुनं कार्ड खिशात होतं, आणि खिशाला हात लावला की ते हाताला लागत होतं. माणूस एवढ्या आधारावरही दिवस ढकलतो.

मग ती चौदा तारीख आली.

बाजाराच्या कोपऱ्यावर गाडी वळवताना सारथ्याच्या हातून एक सायकल ठोकली गेली. सायकलवर एक शिवणकाम करणारी बाई होती. कपड्यांचं गाठोडं रस्त्यावर सुटलं, बाई एका अंगावर पडली आणि गुडघ्याचं हाड मोडलं. मागून धक्का बसलेला, त्यामुळे गाडीत कोण कुठे बसलं होतं ते तिनं पाहिलंच नाही. तिला उचलून दवाखान्यात नेलं ते या दोघांनीच. तोवर कंपनीचा माणूस पोहोचला, आणि नियमाप्रमाणे त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडीतलं रजिस्टर ताब्यात घेतलं.

चौदा तारीख सम. ओळ सोमवारीच लिहिलेली. चालक वैद्यबुवा. खाली सही वैद्यबुवांची.

दवाखान्याच्या बाकावर सारथी त्यांच्या शेजारी टेकला. "आता ते खोडता येत नाही रे," तो म्हणाला. "खोडलं तर सात वर्षांचं सगळंच खोटं ठरेल. तू फॉर्मवर सही कर. विमा आहे, त्या बाईचं सगळं विमा कंपनी बघेल. तुझा परवाना आहे ना चालू?"

कार्ड खिशात होतं. "आहे," वैद्यबुवा म्हणाले.

आहे. दोन अक्षरं. जन्मात ते याहून मोठं खोटं बोलले नव्हते, आणि ते बोलताना आवाजही चढला नाही की पडला नाही.

पाच आठवड्यांनी कार्यालयात नोटीस लागली. विमा कंपनीनं कंपनीच्या मागे लकडा लावला होता. खाली फाईलवाल्या मॅडमची सही होती. ही बाई नवीन आलेली, वयानं वैद्यबुवांच्या लेकीएवढी, पण कागदात चूक दिसली तर तिला घास गिळवत नसे, असं सगळे म्हणत. नोटिशीत लिहिलं होतं की प्रत्येक कामगारानं पंधरा दिवसांत आपला मूळ परवाना दाखवावा. जे स्वतःची गाडी कामाला वापरतात त्यांनी विम्याचा कागद आणावा, आणि त्या विम्यात कामासाठीचा वापर धरलाय की नाही तेही दाखवावं. चालू परवान्याशिवाय कुणालाही जोडीत काम मिळणार नाही.

नोटिशीपुढे घोळका जमला. "माझ्या सायकलचाही विमा काढू का?" एकानं विचारलं.

"आधी तुझ्या तोंडाचा काढ," सारथी म्हणाला. "रोज कुठेतरी आपटतं." सगळे हसले. वैद्यबुवांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते परवान्याच्या कचेरीत गेले. या वेळी पायरी चढले. डोळे तपासायची खोली अरुंद, एका टोकाला अक्षरांची पाटी, दुसऱ्या टोकाला स्टूल, आणि दारापासून बाहेरपर्यंत रांग. वैद्यबुवांपुढे नऊ माणसं होती. प्रत्येक जण एक डोळा झाकून मोठ्यानं वाचत होता. ज्या कानानं सव्वीस वर्षं मोटरचा खोकला ओळखला तो कान आता भिंतीला लावून ते उभे राहिले. नऊ जणांचं ऐकता ऐकता डाव्या डोळ्याच्या चारही ओळी तोंडपाठ झाल्या. देवाचं नाव घेतलं आणि स्टुलावर बसले.

उजवा डोळा कसाबसा निभावला. डावा आला तेव्हा त्यांनी न अडखळता चारही ओळी म्हणून दाखवल्या, अगदी शाळेत कविता म्हणावी तशा.

तपासणाऱ्या माणसानं हातातला कागद बाजूला ठेवला. मग जवळ आला आणि खाली वाकून, रांगेतल्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "काका, तुम्ही उजवा डोळा झाकलात तेव्हा मी पाटी बदलली. रोज दोघं-तिघं असे येतात."

त्याला राग आला नव्हता, हेच जास्त लागलं. वैद्यबुवा उठले, स्टूल होतं तिथे सरळ करून ठेवलं आणि बाहेर आले.

त्याच दुपारी त्यांनी सारथ्याला चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सारथ्याच्या हातातला कप खाली आला.

"तीन वर्षं? अरे, मग दवाखान्यात विचारलं तेव्हा का नाही बोललास? तेव्हाच म्हणालो असतो, मी चालवत होतो म्हणून!"

"तोंडून निघून गेलं."

"निघून गेलं! सात वर्षं तुझं झाकलं मी, आणि मलाच अंधारात ठेवलंस?"

वैद्यबुवांनी चहा बाजूला सारला. ते म्हणाले, "आता जाऊन सांगू. दोघं मिळून सांगू. चालक बिनपरवान्याचा निघाला तर विमा कंपनी हात वर करील. त्या बाईला कुणी विचारणार नाही. तुझा परवाना चालू आहे, तुझं नाव गेलं तर तिचं काम होईल."

सारथ्यानं टपरीवाल्याचे पैसे चुकते केले. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात थट्टा नावाला उरली नव्हती. "माझ्या बायकोच्या मूत्रपिंडाचे उपचार कंपनीच्या दवाखान्यात चालतात, तुला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा. माझी नोकरी गेली की ते बंद. तुझं तर जाणारच आहे रे. परवाना नाही म्हणजे तू असाही बाहेर. मग मला कशाला ओढतोस?"

हिशोबात चूक नव्हती. म्हणून तर तो कापत गेला.

दोन दिवसांनी वैद्यबुवा त्या शिवणवाल्या बाईला बघायला गेले. एकच खोली. खिडकीशी पायानं चालवायचं मशीन, त्यावर चादर टाकलेली. बाई खुर्चीत, प्लास्टरमधला पाय स्टुलावर. बाजूला अर्धवट बेतलेल्या ब्लाउजांची चळत.

"या भाऊ," ती म्हणाली. "कंपनीतून आलात ना? बसा. पत्र आलं का विम्याचं?"

"येईल, ताई."

"सगळे येईलच म्हणतात. हा पाय हलल्याशिवाय मशीन हलत नाही हो. गिऱ्हाइकं कापड परत न्यायला लागलीत." मग तिनं सहज विचारलं, "गाडी कोण चालवत होतं? तुम्ही?"

वैद्यबुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईनं त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. "असू द्या," ती म्हणाली. "मुद्दाम थोडंच कुणी करतं." तिनं त्यांना माठातलं पाणी घ्यायला सांगितलं. त्यांनी पेला भरून तिलाच दिला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे सगळं मांडलं. डोळा, परवाना, रजिस्टर, शिवणवाली बाई. ती भाजी निवडत होती, निवडायची थांबली.

"सात वर्षं," ती म्हणाली. "मी रोज तुमच्या शेजारी झोपते. आणि ठाऊक कुणाला, तर त्या ढेरपोट्याला!"

"तू घाबरशील म्हणून..."

"आता काय नाचतेय का मी?" तिचे डोळे भरून आले. तिनं देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगून या, अहो. जे आहे ते सांगून या. देवाला सगळं कळतं."

"देवाला कळतं गं. मॅडमना कळायला हवं."

चौदाव्या दिवशी, नोटिशीची मुदत संपायला एक दिवस असताना, वैद्यबुवा फाईलवाल्या मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. छोटी खोली, तीन भिंतींना फायलींची कपाटं, टेबलावर त्यांचंच रजिस्टर. त्यांनी खिशातलं जुनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मॅडमनं मध्ये तोंड घातलं नाही. बोलणं संपल्यावर तिनं रजिस्टर उलटं करून त्यांच्यासमोर सरकवलं आणि पानांवर पानं उलटत गेली.

"या सह्या तुमच्या?"

"माझ्याच."

"अपघाताच्या फॉर्मवरची?"

"तीही."

"सात वर्षं एक दिवसाआड तुम्ही लिहून दिलंत की गाडी मी चालवली. आज म्हणता, एकदाही नाही. मी यातलं कुठलं धरू, सांगा ना?" ती रागानं बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "आणि परवाना संपलेला माणूस असं म्हणणारच. मी नव्हतोच चालवत, दुसरा होता."

तिनं सारथ्याला बोलावून घेतलं. तो दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

"चौदा तारखेला गाडी कोण चालवत होतं?"

सारथ्यानं वैद्यबुवांकडे पाहिलं नाही. "रजिस्टरमध्ये लिहिलंय तेच, मॅडम."

वैद्यबुवांना वाटलं आपण बोललेलं सगळं हवेत विरून गेलं. सव्वीस वर्षांत मशीन त्यांच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं. लोखंडाचं एक बरं असतं, दुखलं तर आवाज करतं. समोर उभ्या असलेल्या मित्राच्या आवाजात मात्र त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो त्यांना इथे येण्याआधीपासून माहीत होता. ही नजर गेलीय हे सिद्ध केलं तर बोलणं खरं ठरेल, पण त्याच क्षणी ते लिफ्टवालेही उरणार नाहीत. अर्ध्या नजरेच्या माणसाला दहा मजले खोल खड्ड्यावर कोण उभं करील? परवाना पुन्हा मिळवायचा, दुसरं काही काम मागायचं, असं जे काही मनात धुगधुगत होतं तेही संपणार होतं. स्वतःला निर्दोष ठरवायचं तर स्वतःला निकामी ठरवूनच.

त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. "मॅडम, माझ्या डाव्या डोळ्यासमोर काहीही धरा. अगदी वितभर अंतरावर. आणि विचारा काय आहे."

मॅडम घुटमळली. मग तिनं टेबलावरचं काहीतरी उचलून धरलं.

"काय आहे?"

राखाडी अंधारात त्याहून थोडं गडद काहीतरी हललं. "तुमचा हात," वैद्यबुवा म्हणाले.

त्यांनी तळहात काढला. मॅडमच्या हातात त्यांचाच जुना परवाना होता, काळेभोर केस आणि ताठ मान असलेल्या माणसाचा फोटो चिकटवलेला.

दाराशी उभा असलेला सारथी आत आला. "मीच होतो," तो म्हणाला. "रोज मीच."

पुढचं सगळं कागदावर झालं. मॅडमनं दोघांचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. वैद्यबुवांनी अवजारांची पेटी आणि इमारतींच्या चाव्यांचा जुडगा आजच जमा करायचा. सारथ्यानं चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, आणि तोवर दवाखान्याची सवलतही बंद. "शिवणवाल्या बाईंचं प्रकरण चालू परवान्यावर पुढे जाईल," मॅडम म्हणाली. तेवढं एक खरंच पुढे गेलं. तिनं चाव्या मोजून घेतल्या तेव्हा मान वर केली नाही. "मला वाईट वाटतं," असं ती चाव्यांकडे बघतच म्हणाली.

फाटकाबाहेर सारथी उभा होता. वैद्यबुवा जवळ गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, तरी गेले.

"डोळा तुझा गेला," सारथी म्हणाला, "आणि हात माझे तोडलेस."

"अरे, ती बाई..."

"ती बाई तुला दोन वेळा दिसली. माझी बायको तुला वीस वर्षं वाढतेय." त्यानं डोळे पुसले आणि पाठ फिरवली. "खरं बोललास, चांगलं केलंस. आता सांभाळ ते खरं."

तो निघून गेला. वैद्यबुवा त्याच्या चपलांचा आवाज ऐकत राहिले. गर्दीतूनही तो त्यांना बऱ्याच लांबपर्यंत ऐकू आला.

मग ते मोठ्या चौकापर्यंत आले आणि एकेरी वाहतुकीचा रस्ता ओलांडायला पाऊल पुढे टाकलं, तोच डावीकडून कर्कश ब्रेक वाजला. एक मोटार त्यांच्या गुडघ्यापासून हातभरावर थांबली होती. आतला माणूस शिव्या देत होता. वैद्यबुवा मागे सरकून फुटपाथवर आले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. सात वर्षांत हा चौक त्यांनी एकट्यानं कधी ओलांडलाच नव्हता. सारथी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूनं चालायचा. बडबड करता करता, त्यांना कळूही न देता, दंडाला दंड लावून. ते त्याच्या जाड दंडाच्या धक्क्यावर थांबायचे आणि धक्क्यावर निघायचे, आणि समजायचे की आपणच चालतोय.

दिवा हिरवा झाला. माणसं गेली. पुन्हा लाल झाला. मान पूर्ण वळवून बघितलं तर समोरचं सुटत होतं, समोर बघितलं तर डावीकडचं. असे चार-पाच दिवे गेले. शेवटी कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं, पिशवीतल्या भांड्यांच्या आवाजावरून बाईमाणूस असावं.

"बाई," ते म्हणाले, "मला जरा पलीकडे सोडता का?"

"दिसत नाही का हो तुम्हाला?"

"नाही," वैद्यबुवा म्हणाले.

तिनं त्यांचा दंड धरला. उजवा. चुकीच्या बाजूचा दंड होता, पण तिला तरी काय ठाऊक. तिला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. डावीकडचा सगळा रस्ता उघडा ठेवून ते तसेच तिच्यासोबत निघाले.